नॉर्थवेस्ट टेरिटोरीजमध्ये हवामानबदलाची योजना कशी बनते?

प्रश्न पर्यावरण धोरणाचा अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आहे. थोडक्यात असा: कॅनडातल्या नॉर्थवेस्ट टेरिटोरीजसारखं उत्तरेकडचं छोटं सरकार हवामानबदलाला तोंड द्यायची योजना आखतं कशी? आधी लक्ष्य ठरतं की आधी कामं? आणि एवढ्या थोड्या लोकांनी उत्सर्जन कमी केलं तर जगाला काय फरक पडणार?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. जगाला फरक पडत नाही. कॅनडाच्या एकूण उत्सर्जनात या प्रदेशाचा वाटा एक टक्क्याच्याही बराच खाली आहे. तरी योजना आहे, आणि ती का आहे हे कळलं की कशी बनते हेही आपोआप कळतं. मी तिथे चौदा हिवाळे काढले, सरकारी इमारती आणि रस्त्यांच्या कामांवर; कधी खात्याच्या बाजूने, कधी ठेकेदाराच्या. माझं म्हणणं एवढंच आहे की तिथली खरी योजना ही देखभालीच्या खर्चाची योजना आहे. उत्सर्जनाचं लक्ष्य तिच्यावर नंतर बसवलेलं आहे. हा टोमणा समजू नका, तिथल्या परिस्थितीत तोच क्रम शहाणपणाचा आहे.

आधी सरकार कसलं आहे ते पाहा. हा प्रांत नाही, टेरिटरी आहे. आपल्याला केंद्रशासित प्रदेश आठवतो, पण तुलना फार ताणू नये. क्षेत्रफळ सुमारे साडेतेरा लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या चौपटीहून जास्त. माणसं सुमारे ४५ हजार. वस्त्या ३३, आणि जवळपास निम्मी माणसं एकट्या येलोनाइफ या राजधानीत. अधिकृत भाषा ११. विधानसभेत १९ सदस्य आणि पक्ष एकही नाही. निवडून आलेले सदस्यच आपल्यातून प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, आणि मंत्री निवडतात. जमीन, पाणी आणि खनिजांचा कारभार ओटावातल्या केंद्र सरकारकडून येलोनाइफकडे आला तो १ एप्रिल २०१४ला, म्हणजे अगदी अलीकडे. तिजोरीत येणाऱ्या पैशांपैकी सुमारे दोन-तृतीयांश केंद्राच्या अनुदानाचे, आणि कर्ज किती काढायचं याची कमाल मर्यादाही केंद्रच ठरवतं. थोडक्यात, जबाबदारी राज्याएवढी, पसारा देशाएवढा आणि माणूसबळ एखाद्या मध्यम नगरपालिकेचं.

आता योजनेचा जन्म. तो एखाद्या जागतिक परिषदेत झाला असं कुणी सांगितलं तर मान हलवा आणि पुढे जा. वातावरणातल्या वायूंबद्दलची धोरणपत्रं तिथे आधीपासून होती, पण खरा धक्का बसला तो ऑक्टोबर २०१७मध्ये. कॅनडाच्या महालेखापरीक्षकांनी या प्रदेशाच्या विधानसभेपुढे हवामानबदलावरचा अहवाल ठेवला. त्यात म्हटलं होतं की पर्यावरण खात्याने या विषयात जे नेतृत्व करायला हवं होतं ते केलं नाही, आणि बदलत्या हवामानाशी जुळवून घ्यायचं सबंध प्रदेशाचं असं धोरणच नाही. आपल्याकडे कॅगचा अहवाल आला की दोन दिवस बातम्या होतात आणि मग फाइल कपाटात जाते. तिथे १९ जणांच्या सभागृहात अशा अहवालापासून पळायला जागा नसते. ज्या अधिकाऱ्यावर ताशेरे आहेत तो संध्याकाळी त्याच किराणा दुकानात आमदाराच्या मागे रांगेत उभा असतो. छोट्या सरकारचा हा फायदा फारसा कुणी लिहीत नाही.

२०१८च्या मे महिन्यात दोन दस्तऐवज एकत्रच आले. एक हवामानबदलाची २०३०पर्यंतची चौकट, पर्यावरण खात्याची. दुसरं २०३०पर्यंतचं ऊर्जा धोरण, पायाभूत सुविधा खात्याचं. तिसरा धागा कार्बन कराचा, तो वित्त खात्याकडे. आणि पूर आला, आग लागली की धावायचं काम चौथ्या खात्याचं, ज्याच्याकडे गावांचा कारभार असतो. तुमच्या अभ्यासात ‘सरकारने योजना आखली’ असं वाक्य असेल तर ते खोडा आणि कुठल्या खात्याने ते लिहा. चौकटीतली उद्दिष्टं तीन: खनिज इंधन कमी लागेल अशी अर्थव्यवस्था, हवामानबदलाच्या परिणामांची नीट माहिती, आणि बदलाशी जुळवून घेण्याची ताकद. चौकट आली म्हणजे काम सुरू झालं असं नाही. त्यानंतर २०१९ ते २०२३चा कृती आराखडा आला आणि खरी ओढाताण तिथे झाली.

कृती आराखड्याचं कोष्टक हातात आलं की सगळे पहिला रकाना वाचतात, काय करणार तो. अनुभवी माणूस निधीचा रकाना वाचतो. तिथे ‘सध्याच्या तरतुदीतून’ असं लिहिलेलं असलं की समजावं, जो माणूस आज दोन कामं करतोय त्याच्याकडे तिसरं आलं. तिथे ‘केंद्राच्या अमुक निधीतून’ असं असलं की समजावं, काम होईल, पण केंद्राच्या अटींवर आणि केंद्राच्या मुदतीत. एकदा एका कामाला मंजुरी आली ती ऑगस्टच्या अखेरीस, आणि पैसे मार्चअखेर संपवायचे होते. तिथे सप्टेंबरनंतर काँक्रीट ओतायचं म्हणजे तंबू ठोकून आत हीटर लावायचे. आम्ही ते केलं. त्या हीटरांनी किती डिझेल प्यायलं ते कुणी मोजलं नाही, आणि काम मात्र हवामानबदलाच्या यादीत पूर्ण झालेलं दिसतं.

लक्ष्याचं गणित सांगतो, कारण त्यावरच लोक जास्त बोलतात. ऊर्जा धोरणात २००५च्या तुलनेत २०३०पर्यंत ३० टक्के कपात धरली आहे. किलोटनांत १,५६३ वरून १,०९४. आकडा नेटका आहे. पण हा प्रदेश म्हणजे शेकडो कारखान्यांचा महाराष्ट्र नव्हे. इथे उत्सर्जनाचा मोठा हिस्सा मोजक्या हिऱ्यांच्या खाणींचा आहे, आणि त्या खाणी वीजजाळ्यापासून दूर, स्वतःच्या डिझेलवर चालतात. स्नॅप लेक ही खाण २०१५च्या डिसेंबरात थांबली. डायव्हिक खाणीचं आयुष्य २०२६पर्यंतच धरलेलं होतं. एक खाण बंद झाली की आलेखाची रेघ जितकी खाली येते तितकी हजारो घरांना नव्या खिडक्या लावून येणार नाही. उद्या नवी खाण सुरू झाली तर तीच रेघ वर जाईल. म्हणजे यश-अपयश बऱ्याच अंशी हिऱ्याच्या भावावर. हे सगळ्यांना ठाऊक असतं, बैठकीत कुणीतरी बोलूनही दाखवतं, आणि चहाची वेळ होते.

गंमत म्हणजे पवनचक्क्यांचा पहिला मोठा प्रयोग सरकारने केला नाही, डायव्हिक खाणीनेच केला. २०१२मध्ये चार पवनचक्क्या, एकूण ९.२ मेगावॉट. कारण पर्यावरणाचं कमी आणि डिझेल वाहून आणायच्या खर्चाचं जास्त होतं. आणि ते डिझेल कसं येतं ते कळलं की तुम्हाला इथली बाकीची योजना कळेल. त्याकडे येतोच.

सरकारच्या बाजूने ऊर्जेत जे खरंच झालं त्यात मला सगळ्यात पटलेलं काम अगदी साधं आहे: लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर चालणारे बॉयलर. येलोनाइफच्या तुरुंगात असा बॉयलर बसला, मग शाळा, दवाखाने, कार्यालयं अशी रांग लागली. गोळ्या शेजारच्या अल्बर्टातून येतात, डिझेलपेक्षा स्वस्त पडतात, बॉयलर सांभाळायला शिकलेला माणूस मिळाला की वर्षानुवर्षं चालतो. शेवटची अट सोपी नाही. एका वस्तीत बॉयलर उत्तम होता, पण तो सांभाळणारा एकुलता एक माणूस शिकारीच्या हंगामात रानात गेला की पुन्हा जुनं डिझेल सुरू. उत्तर टोकाकडच्या इनुविक गावाजवळच्या डोंगरावर साडेतीन मेगावॉटची पवनचक्की उभी राहिली. घरांसाठी आर्क्टिक एनर्जी अलायन्स ही ना-नफा संस्था १९९७पासून काम करते, चांगली शेगडी घ्या, फटी बुजवा, अनुदान घेऊन जा असं. तिचा हिशेब धोरणाच्या कुठल्याही भाषणापेक्षा स्वच्छ असतो.

जलविद्युतेचं मात्र एक अवघड दुखणं आहे. येलोनाइफला वीज मुख्यतः स्नेअर नदीवरच्या प्रकल्पांतून मिळते, म्हणजे स्वच्छ. २०१४मध्ये पाऊस-बर्फ कमी पडला, धरणात पाणी नाही, आणि शहराला डिझेलवर वीज द्यावी लागली. लोकांच्या बिलावर ते ओझं पडू नये म्हणून सरकारने सुमारे दोन कोटी डॉलर घातले. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, जवळपास तीन कोटी. हवामानबदलाला उत्तर म्हणून ज्या विजेकडे बघायचं तीच हवामानाच्या तावडीत. कोयनेच्या पाण्याकडे डोळे लावून बसणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता जमीन. इथे मी जरा थांबणार आहे, कारण माझं पोट याच विषयावर भरलं.

प्रदेशाच्या मोठ्या भागात पर्माफ्रॉस्ट आहे, म्हणजे वर्षानुवर्षं गोठलेलीच राहणारी जमीन. उन्हाळ्यात वरचा हात-दोन हात थर वितळतो, खालचा नाही. काही ठिकाणी त्या खालच्या थरात मातीपेक्षा बर्फ जास्त असतो. ती गोठलेली असेपर्यंत दगडासारखी, वितळली की दह्यासारखी. म्हणून तिथे घर जमिनीवर नसतं, जमिनीच्या वर असतं. खांबांवर घर आणि खाली मोकळी हवा, म्हणजे घराची ऊब जमिनीला लागत नाही आणि हिवाळ्याचा वारा जमीन गोठवत राहतो. इनुविकमध्ये पाण्याचे आणि सांडपाण्याचे नळसुद्धा जमिनीवरून पेटीतून जातात, ऊब देऊन. नवा माणूस आला की पहिल्यांदा त्यांचे फोटो काढतो. मीही काढले होते.

उत्तर कॅनडात १९४८ ते २०१६ या काळात सरासरी तापमान २.३ अंशांनी वाढलं. कागदावर आकडा छोटा वाटतो. एका शाळेच्या इमारतीखाली मी पहिल्यांदा सरपटत गेलो तेव्हा त्याचा अर्थ कळला. वर वर्गात एक दार घासायला लागलं होतं. कुणीतरी ते रंधून घेतलं, पुन्हा घासायला लागलं, पुन्हा रंधलं. दार रंधणं ही तिथली सगळ्यात महाग चूक. खाली गेलो तर एका बाजूचा खांब तीन बोटं खाली गेलेला. कारण शोधताना दिसलं की वारा लागतो म्हणून कुणीतरी त्या बाजूची मोकळी जागा पत्र्याने बंद केली होती आणि आत स्लेजगाड्या, टायर, जुनी बाकं ठेवली होती. शिवाय बर्फ सरकवणाऱ्या माणसाने सगळा बर्फ त्याच भिंतीला लावला होता. बर्फ म्हणजे रजई. जमिनीला रजई पांघरली की ती हिवाळ्यातही थंड होत नाही. वर छपराच्या पन्हळीचं पाणी नेमकं तिथेच पडत होतं. तापमानवाढ होतीच, पण खांब खाली गेला तो या तीन गोष्टींमुळे. आम्ही पत्रा काढला, पन्हळ वळवली, खांबावरचा स्क्रू-जॅक फिरवून इमारत पुन्हा पातळीत आणली, आणि जमिनीत तापमान मोजणारी केबल सोडली. खर्च दार रंधण्यापेक्षा जास्त, पण नवा पाया घालण्याच्या मानाने किरकोळ.

हे सांगायचं कारण असं की जुळवून घेण्याची योजना म्हणजे बऱ्याच वेळा हेच. कॅनडाच्या मानक संस्थांनी उत्तरेसाठी खास नियमावल्या काढल्या आहेत: जुन्या पायांखालची जमीन वितळू नये म्हणून काय करावं, वस्तीतल्या पाण्याचा निचरा कसा आखावा, छपरावरच्या बर्फाचं वाढतं ओझं कसं हाताळावं. त्या नियमावल्या निविदेच्या अटींत आल्या की जे साधतं ते घोषणापत्रांनी साधत नाही. कारण ठेकेदार धोरण वाचत नाही, निविदेतल्या अटी वाचतो.

जिथे मोकळी हवा पुरत नाही तिथे थर्मोसायफन बसवतात. बंद नळी, आत दाबाखाली कार्बन डायऑक्साइड. हिवाळ्यात खालच्या टोकाला जमिनीची ऊब घेऊन द्रवाचा वायू होतो, वर चढतो, बाहेरच्या थंडीत ऊब सोडून पुन्हा द्रव होऊन खाली येतो. वीज लागत नाही, पंप नाही. उन्हाळ्यात आपोआप थांबतो. याच तत्त्वावर येलोनाइफच्या वेशीवरच्या जुन्या जायंट सोन्याच्या खाणीत २ लाख ३७ हजार टन आर्सेनिक ट्रायऑक्साइड जमिनीखाली गोठवून ठेवायचं काम चालू आहे. ते काम केंद्राचं, पण शहराचं पिण्याचं पाणी आणि ते विष यांच्यात नळ्यांतला वायू आणि हिवाळ्याची थंडी आहे. म्हणजे त्या रचनेत पुढच्या शंभर वर्षांचे हिवाळे गृहीत धरावे लागतात. ‘हवामानाचा अंदाज’ या शब्दाला तिथे किती वजन आहे ते यावरून ओळखा.

रस्त्याचंही तेच. इनुविक ते टुक्टोयाक्टुक हा सुमारे १३८ किलोमीटरचा रस्ता १५ नोव्हेंबर २०१७ला उघडला. कॅनडात आर्क्टिक महासागराच्या किनाऱ्यापर्यंत बारमाही गाडी जाते ती याच रस्त्याने. खर्च सुमारे ३० कोटी डॉलर. आपल्याकडे पावसाळ्याआधी डांबर उरकायची घाई असते, तिथे उलट: मातीकाम हिवाळ्यात. कारण उन्हाळ्यात टुंड्रावर यंत्र फिरलं की वरचं शेवाळाचं अस्तर फाटतं आणि खालचा बर्फ उघडा पडतो. म्हणून खोदायचं नाही. गोठलेल्या जमिनीवर कापड अंथरायचं आणि त्यावर भराव टाकत जायचं. एवढी काळजी घेऊनही भराव काही ठिकाणी खचतो, बाजूला बर्फ साचतो, त्याखाली जमीन उबदार होते, आणि दर उन्हाळ्यात खडी टाकावी लागते. रस्ता बांधून झाला म्हणजे खर्च संपला असं अर्थसंकल्पात ज्याने लिहिलं असेल त्याला मी त्या रस्त्यावरून जूनमध्ये न्यायला तयार आहे.

आता डिझेलकडे. खाणींकडे जाणारा टिबिट ते कॉन्टवॉयटो हा सुमारे ४०० किलोमीटरचा रस्ता १९८२पासून दर हिवाळ्यात नव्याने बनतो आणि वसंतात पाण्यात जातो, कारण त्याचा बहुतेक भाग गोठलेल्या तलावांवरून आहे. भरलेल्या ट्रकला तिथे ताशी २५ किलोमीटरच्या वर जाऊ देत नाहीत. कारण ट्रकच्या वजनाने बर्फाखालच्या पाण्यात लाट उठते आणि ती ट्रकबरोबर पुढे चालते. वेग जास्त असला तर किनाऱ्याजवळ लाट बर्फाला खालून धडक देते. पहिल्यांदा त्या रस्त्यावर गाडी थांबवून इंजिन बंद केलं तर बर्फाचा आवाज ऐकू येतो, कुणीतरी लांबून तारेवर टिचकी मारल्यासारखा. जुने चालक सांगतात, आवाज येतोय तोवर ठीक. २००६चा हिवाळा उबदार निघाला, रस्ता लवकर बंद करावा लागला आणि खाणींना राहिलेला माल विमानाने न्यावा लागला. ते वर्ष तिथल्या वाहतूक नियोजनाच्या डोक्यात अजून आहे.

म्हणून बर्फावरचे रस्ते हळूहळू बारमाही करणं हा योजनेचा सगळ्यात महाग भाग ठरला. मॅकेंझी नदीवर फोर्ट प्रॉव्हिडन्सजवळ २०१२च्या नोव्हेंबरअखेर देहचो पूल उघडला; आधी हिवाळ्यात बर्फावरून, उन्हाळ्यात फेरीने आणि मधल्या आठवड्यांत काहीच नाही अशी स्थिती होती, आणि येलोनाइफच्या दुकानांत भाजीचे भाव त्या आठवड्यांत बघण्यासारखे असायचे. त्लिचो या मूळनिवासी समूहाच्या व्हाती गावापर्यंत ९७ किलोमीटरचा रस्ता २०२१च्या नोव्हेंबरअखेर झाला, कारण हिवाळी रस्त्याचे दिवस भरवशाचे राहिले नव्हते. यातल्या एकाही कामाचं नाव ‘हवामान’ नाही. पण जुळवून घेणं म्हणतात ते हेच, आणि दुसरीकडे बारमाही रस्ता म्हणजे जास्त गाड्या, जास्त इंधन. दोन उद्दिष्टं एकमेकांवर आपटतात ती इथे. चौकटीत याचा उल्लेख मवाळ शब्दांत सापडेल.

नदीची गोष्ट त्याहून बोचरी. मॅकेंझीवरून तराफ्यांनी माल नेणारी खासगी कंपनी बुडाली, आणि २०१६च्या शेवटी तिची मालमत्ता सरकारने विकत घेतली. सरकार नावाडी झालं. मग २०२३ आणि २०२४ला ग्रेट स्लेव्ह सरोवर आणि मॅकेंझीचं पाणी विक्रमी खाली गेलं. २०२४मध्ये नॉर्मन वेल्ससारख्या ठिकाणी तराफे जाऊच शकले नाहीत आणि इंधन विमानाने न्यावं लागलं. घर तापवायचं तेल विमानातून. त्याच गावाला तुम्ही कार्बन कमी करा म्हणून सांगायला जायचं.

कार्बन कराबद्दल फार लिहीत नाही. १ सप्टेंबर २०१९ला टनाला २० डॉलरने सुरू झाला, घरगुती तापवायच्या तेलावर सूट, विमानाच्या इंधनाला कर नाही, परताव्याच्या सोयी. पुढे केंद्राने सूट देण्याच्या रीतीवर बंधनं आणली, सभागृहात कडाक्याचे वाद झाले, आणि २०२५च्या एप्रिलपासून ग्राहकांवरचा कर गेला. जिथे उणे ४० अंशांत दुसरा पर्याय हाताशी नाही तिथे किंमत वाढवून माणसाची सवय बदलत नाही, एवढंच माझं निरीक्षण.

आता तुम्ही विचारलं नाही, पण विचारायला हवं होतं असं: योजना कुणाच्या संमतीने? इनुविआलुइट, ग्विचिन, साहतू, त्लिचो या मूळनिवासी समूहांचे केंद्राशी झालेले करार आहेत, पहिला १९८४चा. जमीन, पाणी, शिकार यांच्या निर्णयात त्यांच्या सरकारांचा हक्काचा वाटा आहे. ‘जनसुनावणी घेतली’ एवढ्यावर भागत नाही. २०२१मध्ये हवामानबदल परिषद स्थापन झाली ती या सरकारांना एका टेबलावर आणायला. टेबलावर पहिला विषय उत्सर्जन नसतो. बाथर्स्ट कॅरिबूंचा, म्हणजे रानटी रेनडिअरचा, कळप १९८६मध्ये सुमारे ४ लाख ७० हजार होता. २०२१च्या मोजणीत ६,२४०. त्यामागे हवामान एकटं नाही, पण ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कॅरिबूचं मांस शिजलं तिथे हवामानबदलाची चर्चा या आकड्यापासून सुरू होते, आणि नियोजनकाराने वहीत दुसरं काही लिहून आणलं असलं तर वही मिटून ऐकावं.

अक्लाविकची गोष्ट तिथल्या प्रत्येक नियोजनकाराने पाठ करावी अशी आहे. १९५०च्या दशकात ओटावाने ठरवलं की मॅकेंझीच्या त्रिभुज प्रदेशातलं अक्लाविक पूर आणि किनाऱ्याची धूप यामुळे टिकणार नाही. नवं, आखीवरेखीव गाव बांधलं, तेच आजचं इनुविक. तांत्रिकदृष्ट्या चूक काहीच नव्हती. पण अक्लाविकच्या बऱ्याच लोकांनी हलायला नकार दिला. आजही ते गाव आहे, आणि त्याचं ब्रीद आहे, ‘कधीच हार मानू नका’ अशा अर्थाचं. टुक्टोयाक्टुकमध्ये समुद्र किनारा खातो आहे, टोकावरची काही घरं आत हलवली गेली, किनाऱ्याला संरक्षण द्यायचं काम केंद्राच्या निधीतून आखलं गेलं. गाव हलवायचं की किनारा धरायचा हा निर्णय मात्र कुणी येलोनाइफमधून सांगत नाही. अक्लाविकने ते शिकवलं.

आग राहिली. २०२३च्या उन्हाळ्यात ४० लाख हेक्टरांहून जास्त रान जळलं. एंटरप्राइझ ही छोटी वस्ती जवळजवळ पूर्ण गेली. हे रिव्हर गावाने मे २०२२मध्ये बर्फ अडून आलेल्या पुरात घरं सोडली होती, २०२३मध्ये आगीमुळे दोनदा सोडली. १६ ऑगस्टच्या संध्याकाळी येलोनाइफ रिकामं करायचा आदेश निघाला. २० हजार लोक, दक्षिणेकडे जाणारा रस्ता एकच, दुतर्फा धूर. आमच्या गल्लीतल्या माणसाने निघताना फ्रीजरमधलं सगळं मांस बर्फपेटीत भरलं, घराच्या कागदांची पिशवी टेबलावरच विसरली आणि ते त्याला तीनशे किलोमीटरवर आठवलं. ६ सप्टेंबरला परत यायची मुभा मिळाली. फायबरची तार जळाल्याने त्याआधी काही गावांचे फोन आणि इंटरनेटच बंद पडले होते, म्हणजे स्थलांतराचा निरोप पोचवायचीच पंचाईत. कृती आराखड्यात आगीवर कलमं होती. एकाच तारेवर सगळा प्रदेश अवलंबून आहे हे हवामानाचं कलम म्हणून कुणी लिहिलं नव्हतं, कारण ते दूरसंचाराचं कलम वाटत होतं.

अभ्यासासाठी क्रम विचाराल तर २०१७चा लेखापरीक्षण अहवाल आधी वाचा, मग कृती आराखडा शेवटच्या रकान्यापासून मागे वाचा, मग चौकट. त्यानंतर फेब्रुवारीत मांडल्या जाणाऱ्या अर्थसंकल्पात रस्ते, धावपट्ट्या आणि सरकारी घरांच्या दुरुस्तीच्या तरतुदी काढा आणि पाच वर्षांच्या शेजारी शेजारी लावा. कुणा अधिकाऱ्याशी बोलायचं असलं तर मे महिन्यात फोन करू नका. बर्फ फुटायची वेळ असते, सगळे नदीकडे बघत बसलेले असतात. उन्हाळ्यात निम्मे आगीच्या मागे. नोव्हेंबर बरा, तलाव अजून पुरते गोठलेले नसतात, बर्फाच्या रस्त्याचं काम सुरू व्हायचं असतं, आणि माणसं निवांत बोलतात.